पोच

फोन आला की रास्ता पेठेतून निळी पेटी निघते.
आत बर्फ, बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या,
आणि झाकणावर माझ्या प्रोग्रॅमनं काढलेला रस्ता.
हनीफ तांबोळी तो वाचतो. विचारतो, "मॅडम, हे कुणी काढलं?"
मी म्हणते, मी.
तो हेल्मेट घालतो.

तसं काम साधं आहे. सुरुवातीला सगळं शहर अनंत अंतरावर.
कोथरूड अनंत, कात्रज अनंत,
समोर दिसणारा पॉवर हाऊस चौकसुद्धा अनंत.
आपण उभे आहोत तेवढी फरशी शून्य.
मग सर्वांत जवळचा चौक उचलायचा, शिक्का मारायचा:
हा पक्का, याच्याकडे आता वळून बघणं नाही.
त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं,
याच्यामार्फत आलो तर स्वस्त पडेल का?
पडत असेल तर जुना आकडा खोडायचा.
पुस्तकात याला शिथिल करणं म्हणतात.
संध्याकाळी सहाला सोन्या मारुती चौकात
काहीही शिथिल नसतं.

कडांना दिशा असते, हे पुण्यात शिकवावं लागत नाही.
लक्ष्मी रस्ता जातो. परतायला दुसरं शहर लागतं.
नणंद म्हणते, तुझ्याकडून आमच्याकडे वीसच तर मिनिटं!
हो.
तुमच्याकडून माझ्याकडे किती, ते कधी मोजलंत?

मंगळवारी धरणातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला.
एक कड गेली.
सगळं पहिल्यापासून मोजणं कुणालाही येतं.
हुशारी अशी, की त्या कडेवर टेकलेली
तेवढीच फांदी हलवायची,
उरलेल्या शहराला झोपू द्यायचं.
हे लिहायला मला दोन रात्री लागल्या.
हनीफनं तोवर गाडी झेड पुलाकडे वळवलेली.
विचारलं तर म्हणाला,
"पाण्याचा वास आला."

या सगळ्याला एकच अट आहे.
कुठल्याच कडेचं वजन ऋण नको.
म्हणजे असा रस्ता नको, जो चालून गेल्यावर
निघतानापेक्षा आपण कमी थकलेले असू.
रक्त निगेटिव्ह चालतं, रस्ता चालत नाही.
चोवीसाव्या वर्षी मी ही अट निमूट मान्य केली,
आणि त्याच वर्षी रोज
ल्यूसी गायकवाडबरोबर कमला नेहरू पार्कला फेऱ्या मारत होते.
एक फेरी: वजा तीन.
आणखी एक: वजा सहा.
मेसची आमटी, तिच्या वडिलांचं पत्र, माझा मोडलेला साखरपुडा,
सगळं दर वळणावर थोडं थोडं उतरायचं.
अशा चक्रात सर्वांत छोटा रस्ता नसतोच;
सापडला म्हणावं, तर अजून एक फेरी, की त्याहून छोटा.
हिशेब कधी संपत नाही.
आमचा नऊ वाजता संपायचा. हॉस्टेलचं फाटक.

ती आता अ‍ॅडलेडला असते.
किती लांब, हा एक प्रश्न.
पोचता येतं का, हा वेगळाच, आणि फार स्वस्त:
हो किंवा नाही, एवढंच उत्तर,
एकदा नंबर फिरवला की कळतं.
स्वस्त म्हणूनच की काय, पाच वर्षं पडून आहे.

हनीफ परत येतो. खिशातून घडी घातलेली पोच काढतो,
ओली, एका कोपऱ्याला फाटलेली.
सही कुणाची ते लागत नाही. वेळ अकरा छप्पन्न.
माझा आकडा अकरा एकावन्न होता.
"पाच मिनिटं कुठे गेली?"
"एकाला रस्ता विचारायचा होता."
"तू? तू रस्ता विचारलास?"
"मी नाही, मॅडम. त्यानं मला.
ससूनला जायचं होतं त्याला. बाई होती मागे बसलेली.
सांगून कळेना, म्हणून
पुढच्या चौकापर्यंत त्याच्यापुढे गाडी चालवली."

मी पोच वहीत लावते.
टाचणी गंजलेली आहे, दुसरी शोधते.